निळ्या इंजिनाला लाल रंग

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे, आणि आज ज्या गाडीत बसून मी हे सांगते आहे ती गाडी माझी नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढे कोणी मला लबाड म्हणायला नको. तेहतीस वर्षे मी एक गोष्ट पोटात ठेवली. ठेवली म्हणजे काय, इंजिनाला विचारतो कोण? लोक किल्ली फिरवतात, मी सुरू होते, तिथेच आमचे बोलणे संपते.

माझा जन्म १९७१ सालचा. तापलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, ते निवले आणि मी झाले. सहा सिलिंडर, अंगाला निळा रंग. आमच्याच कंपनीचे एक थोरले इंजिन होते, तेही सहा सिलिंडरचे, पण ताकदीने कमी आणि रंगाने लाल. दिसायला आम्ही सख्खी भावंडे. फरक एवढाच, की मागच्या बाजूला मी त्याच्यापेक्षा बोटभर लांब आहे. हे बोटभर अंतर लक्षात ठेवा, कारण माझी सगळी रामकहाणी त्याच्यावरच उभी आहे.

माझ्या पोटाखाली पत्र्याचे एक उथळ तबक असते. त्यात तेल साठते. गॅरेजवाले त्याला चेंबर म्हणतात. चेंबर आणि मी यांच्या मधोमध एक पातळ पट्टी बसवतात, ती म्हणजे गॅस्केट. माझ्या वेळी ती बुचाची असे, बाटलीला असते त्याच बुचाची. ती नीट असेल तोवर तिचे नावही कोणी घेत नाही. बिघडली की मात्र थेंब थेंब तेल गळू लागते आणि मग सगळ्यांना तिची आठवण होते.

मला यूटमध्ये बसवले होते. पुढे दोघांपुरती सीट आणि मागे उघडा हौदा. ती यूट क्लेम नोस्की याने नवी कोरी घेतली. बुलकारा हे आमचे गाव ॲडलेडपासून लांब, गव्हाचे, आणि क्लेम तिथल्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठारांवर, कामाला होता. मी काय काय ओढले म्हणून सांगू! मेंढ्या, कुंपणाचे खांब, शेजाऱ्यांचे फ्रिज, एकदा तर चर्चचा ऑर्गन. शनिवारी फुटबॉलच्या मैदानाकडेला क्लेम माझे बॉनेट उघडत असे, तेव्हा पाच-सहा जण बिअर हातात घेऊन माझ्याभोवती उभे राहत आणि माना डोलावत. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे.

रविवारी सकाळी क्लेम एकटाच येई. तेल मोजायची पट्टी ओढून पुसे, पुन्हा घालून बघे, आणि हात चालवता चालवता माझ्याशी बोले. माणसांत तो तसा मुका. एका रविवारी, १९७४ साली, प्लग बदलता बदलता त्याने मला सांगितले, "नोलाला वर्षापूर्वी हेडबाईंची जागा चालून आली होती. हिनं परस्पर नाही म्हणून कळवलं. माझी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून. मला पोस्टातल्या माणसाकडून कळतंय आज. मला विचारलंसुद्धा नाही गं तिनं." मग त्याने प्लग इतका जोरात आवळला की माझ्या डोक्याला कळ गेली.

नोला म्हणजे त्याची बायको. शाळेत शिकवायची. तिची स्वतःची गाडी होती, १९६६ची स्टेशन वॅगन, तिने लग्नाआधी स्वतःच्या पगारातून घेतलेली. त्या वॅगनमध्ये माझे थोरले लाल भावंड होते. सासू आजारी पडली तशी नोलाने नोकरी सोडली, मग मुलगी झाली, जनीन, आणि बारा वर्षे अशीच निघून गेली.

१९८६ साली नोलाला पुन्हा नोकरी मिळाली. दोन खोल्यांची शाळा, तीस किलोमीटर लांब. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचे होते. आणि जानेवारीच्या शेवटी, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, रस्त्यावरचे डांबर वितळेल अशा उन्हात, वॅगनचे पाणी संपले आणि माझ्या लाल भावंडाला उभी चीर गेली. नोला तेव्हा ॲडलेडला बहिणीकडे होती. गाडी क्लेमच चालवत होता.

त्याआधीची तीन वर्षे पाऊस नव्हता. नवे इंजिन घेण्याची ऐपत गावात कोणाचीच नव्हती.

क्लेम दोन्ही गाड्या घेऊन वॉल पेनरोजच्या गॅरेजात आला. वॉल त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोन दिवस त्यांनी दार लावून काम केले. साखळीला लटकून मी यूटमधून बाहेर आले तेव्हा माझी यूट समोर तोंड उघडे टाकून उभी होती. मित्रांनो, मी लोखंडाचे आहे, पण त्या क्षणी मला फार वाईट वाटले.

वॉल म्हणाला, "क्लेम, बायकोला सांग बाबा."

"सांगितलं तर ती नको म्हणेल. यूट ठेव, मी घरी बसते म्हणेल. ओळखतो मी तिला."

"मग यूट कुठं गेली म्हणून सांगणार?"

"विकली. पोर्ट एल्सीच्या एका माणसाला. हिरवी टोपी घातलेला."

"टोपी कशाला मध्येच?"

"खोटं बोलायचं तर थोडं तपशिलात बोलावं लागतं, वॉल."

"तुला जमायचं नाही. कान लाल होतात तुझे," वॉल म्हणाला, पण त्याने मला वॅगनमध्ये बसवले. त्यासाठी इंजिन धरून ठेवणाऱ्या खालच्या दोन पट्ट्या कापून नव्याने जोडाव्या लागल्या. यूटचा रिकामा सांगाडा भंगारात गेला. मग क्लेमने ब्रश घेतला आणि माझ्या निळ्या अंगावर लाल रंग फासला. माझा क्रमांक कोरलेल्या पट्टीवरसुद्धा. नोलाला बॉनेट उघडायची सवय होती ना! फक्त एक गोष्ट त्याने सरळ केली. नोंदणीच्या कचेरीत जाऊन त्याने गाडीच्या कागदावर माझा खरा क्रमांक लिहून घेतला. बायकोशी खोटे बोलला, सरकारशी नाही.

नोला आली. "वरचं हेड गॅस्केट गेलं होतं, वॉलनं केलं नीट," क्लेमने सांगितले. यूटचेही सांगितले, टोपीसकट. त्याचे कान लाल झाले असणार, पण तो जानेवारी होता, सगळ्यांचेच कान लाल होते.

त्यानंतर एकोणीस वर्षे क्लेम सायकलवरून सायलोवर गेला. जाताना चार किलोमीटर, येताना चार, उन्हाळ्यात उत्तरेचा तापलेला वारा तोंडावर घेत. गावातली माणसे त्याला सोडतात होय! "काय क्लेम, सायकलच्या शर्यतीला फ्रान्सला कधी निघतोस?" म्हणून हाका मारत. तो म्हणे, डॉक्टरने व्यायाम सांगितलाय. आणि नोला रोज सकाळी मला सुरू करून शाळेला जाई. ती मुख्याध्यापिका झाली. अर्ध्या गावाला तिनेच पाढे शिकवले. पुढे पाऊस आला, हातात पैसा आला, नोलाने दोनदा सुचवलेही की तू एखादी गाडी घे. पण खोटे एवढे जुने झाले होते, की क्लेमला ते हलवायची भीती वाटू लागली.

या काळात माझे गॅस्केट दोनदा बदलावे लागले. दोन्ही वेळा वॉलने बरोबर मापाचे आणले, कारण त्याला ठाऊक होते. मग वॉल वारला. गॅरेज त्याची मुलगी रेलीन चालवू लागली. तिला कोणी काही सांगितले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी क्लेमला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणेही गेले. थोडे शब्द उरले, तेही भलत्या जागी येत. चहाला तो मंगळवार म्हणे. पोर्ट एल्सीच्या शुश्रूषागृहात त्याला ठेवावे लागले, सेहेचाळीस किलोमीटरवर. तिथल्या मुलींच्या हातून तो जेवत नसे, ओठ घट्ट मिटून घेई. नोलाने चमचा धरला की जेवे. म्हणून पंचाहत्तर वर्षांची नोला रोज दहाला निघे, त्याला दुपारचे जेवण भरवी आणि तीनपर्यंत परत येई. आमच्या गावातून तिकडे बस जाते ती फक्त गुरुवारी. बाकीचे सहा दिवस मी.

आणि नेमके याच काळात माझ्याकडे कोणी बघेनासे झाले. रविवारी बॉनेट उघडणारा हात आता चाकांच्या खुर्चीवर पडून होता. नोलाच्या मनात माझा विचार येणार तरी कधी? मी तिला बोल लावत नाही. पण बुचाचे गॅस्केट म्हातारे झाले की वाळते, आखडते, त्याला भेगा पडतात. माझे तसेच झाले. शुश्रूषागृहाच्या आवारात, मी उभे राहत असे तिथे, काळे डाग पडू लागले. कोणीतरी सौजन्याने तिथे तेल झेलायला मांजराच्या वाळूचा जुना ट्रे आणून ठेवला.

एका शनिवारी जनीन नवऱ्याला घेऊन ॲडलेडहून आली. जावई भला माणूस, पण हातात पाना आला की त्याला चेव चढतो. त्याने जुने गॅस्केट तसेच ठेवून फटीत सिलिकॉनची अख्खी ट्यूब पिळली आणि अंगातले सगळे बळ लावून बोल्ट आवळले. पत्र्याची कड जागोजागी वाकली. सोमवारी मी आधीच्या दुप्पट गळू लागले.

जनीन तोवर परत गेली नव्हती, त्यामुळे ती फोनवर नव्हे, समोर उभी राहून बोलली. मी अंगणातच होते.

"आई, विक आता ही गाडी. रस्त्यात बंद पडली तर? त्या रस्त्यावर फोनसुद्धा लागत नाही."

"आणि बाबांना कोण भरवणार? तू?"

"मी त्यांचं नाव घातलंय आमच्याकडच्या होममध्ये. आठ महिन्यांत जागा होईल. तूही ये. किती दिवस धावणार आहेस अशी?"

"आठ महिने तो काय हवा खाऊन राहील का गं?" नोला म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "रेलीनकडे नेते गाडी. तिनं नाही म्हटलं तर विकेन. शब्द देते."

झाले. आता माझे आणि क्लेमच्या दुपारच्या जेवणाचे, दोघांचेही नशीब रेलीनच्या हातात होते.

रेलीन पन्नाशीची बाई, हाताला कोपरापर्यंत ग्रीस. नोलाने तिला तिसरीत शिकवलेले, त्यामुळे ती अजूनही नोलाला बाईच म्हणते. तिने मला खड्ड्यावर घेतले, खाली उतरली आणि वाकलेली कड बोटाने चाचपून पाहू लागली.

"बाई, हे केलं कुणी?"

"जावयानं."

"मुलीला सांगा, त्यांना बागकामाला लावा म्हणून." तिने चेंबर उतरवला. आत तेल ओढणारी जाळी असते, तिच्यावर सिलिकॉनचे तुकडे चिकटले होते. तिने एक तुकडा नोलाच्या तळहातावर ठेवला. "हे बघा. अजून आठवडाभर असंच चालवलं असतं तर जाळी बुजली असती. तेल वर चढलं नसतं आणि इंजिन भर रस्त्यात जाम. तुम्ही आत."

 नोलाने तो तुकडा रुमालात बांधून ठेवला. जनीनला दाखवायला की लपवायला, कोण जाणे.

"होईल नीट, घाबरू नका," रेलीन म्हणाली. "फक्त गॅस्केट नीट निवडायला हवं." तिने पोर्ट एल्सीच्या सुट्या भागांच्या दुकानात फोन लावला. त्यांनी विचारले, गाडी कुठली, साल कुठले. रेलीनने नोलाकडे पाहिले, आणि नोलाने वर्गात सांगावे तसे ठणकावून सांगितले, "स्टेशन वॅगन. सहा सिलिंडर. एकोणीसशे सहासष्ट. मी स्वतः घेतली आहे."

दोन दिवसांनी गॅस्केट आले. चांगले जाड रबरी. पुढची भोके बरोबर जुळली. मागची जुळेनात. बोटभर फरक. रेलीनने ते ओढून पाहिले, उलटे करून पाहिले, मग दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि परत पाठवले. आणखी दोन दिवसांनी दुसरे आले. हुबेहूब पहिल्यासारखे.

मी काय करणार होते? मला माहीत होते, पण मला तोंड नाही.

कापणीचे दिवस होते. गावातले सगळे ट्रक याच दिवसांत मोडतात. तरी रेलीनने दोनदा हातातले काम टाकून नोलाला बंद गाड्या ओढायच्या आपल्या टो-ट्रकमधून पोर्ट एल्सीला नेले. गुरुवारी ती बसने गेली. बाकीच्या दिवशी शुश्रूषागृहातून फोन येई. आज दोन चमचे कस्टर्ड घेतले. आज तेही नाही.

आठव्या दिवशी नोला गॅरेजात पेस्टी घेऊन आली, मांस-बटाटा भरून भाजलेल्या, अजून गरम. एका रिकाम्या पिंपावर बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"रेलीन, खरं सांग. होणार आहे का हे? नसेल तर मी जनीनला कळवते. माणूस तिकडे उपाशी आहे."

रेलीन खड्ड्यातून वर आली. तोंडात पेस्टी कोंबत म्हणाली, "बाई, मी तिसऱ्यांदा मागवते. गाढव लोक आहेत ते. एकच चूक दोनदा करतात."

"त्यांनी दोनदा एकच उत्तर दिलं ना?" नोला म्हणाली. तिचा बाईंचा आवाज परत आला. "मग उत्तर नाही चुकलेलं, पोरी. आपण प्रश्न चुकीचा घातलाय. तिसरीत तू हेच करायचीस. गणित न वाचता सोडवायला घ्यायचीस."

रेलीन चावता चावता थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. मग रॉकेलचे फडके आणि तारेचा ब्रश घेऊन माझ्या कुशीवर, क्रमांकाची पट्टी असते तिथे, घासू लागली. लाल रंगाचे पोपडे पडले. पोपड्यांखाली निळा रंग निघाला, आणि निळ्याखाली क्रमांक.

"बाई," ती हळूच म्हणाली, "गाडी तुमची सहासष्टचीच आहे. पण हे इंजिन त्यातलं नाही. हे मोठं आहे. एकाहत्तरचं वगैरे."

"काहीतरीच काय. या गाडीला वॉलशिवाय कुणाचा हात लागलेला नाही."

"कागद आहेत का गाडीचे?"

कागद समोरच्या खणातच होते. दरवर्षी नवा येई, दरवर्षी नोला सही करून जुन्यावर नवा ठेवी. आयुष्यभर पोरांना प्रश्न दोनदा वाचायला लावणारी ही बाई, पण या कागदाची चौथी ओळ तिने तेहतीस वर्षांत एकदाही वाचली नव्हती. रेलीनने माझा एक एक आकडा मोठ्याने म्हटला आणि नोलाने कागदावर बोट ठेवून जुळवला. सगळे जुळले. खाली बारीक अक्षरात लिहिले होते: इंजिन बदलले, फेब्रुवारी १९८६.

नोलाचे बोट त्या तारखेवर थांबले.

"ही मोठी इंजिनं," तिने विचारले, "तेव्हा कुठल्या गाडीत यायची?"

"यूटमध्ये, बाई."

"हिरवी टोपी," नोला म्हणाली.

"काय?"

"टोपीसुद्धा सांगितली होती मला. त्या माणसाची." तिने कागद मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. "रेलीन, एकोणीस वर्षं तो सायकलवरून गेला गं. आणि मीसुद्धा त्याला हसले आहे. स्टाफरूममध्ये सांगून सांगून हसले आहे."

रेलीन पिंपाजवळ खाली जमिनीवर बसली. "बाबांनी पण एका शब्दानं सांगितलं नाही मला," ती म्हणाली. त्या दोघी रडत होत्या आणि मी खड्ड्यावर, पोट उघडे, लाज वाटावी अशा अवस्थेत. पण खरे सांगते मित्रांनो, त्या क्षणी माझ्यावरचे ओझे उतरले. कोणीतरी माझा क्रमांक वाचला होता.

मग रेलीनने पुन्हा फोन लावला, आणि या वेळी साल न सांगता क्रमांक सांगितला. दुकानदार म्हणाला, या इंजिनाला तीन तऱ्हेची मिळतील, आणि नकोच असेल तर नुसती ट्यूबही चालेल. रेलीन ओरडली, "ट्यूबचं नाव काढू नका माझ्यापुढं!" मग तिने नोलाला समजावले. नुसते बूच खालीवर झालेल्या कडेशीही जमवून घेते, पण लवकर वाळते. नुसते रबर टिकते, पण त्याला कड सपाट लागते, आणि जास्त आवळले की ते बाहेर सरकते. "म्हाताऱ्या इंजिनाला दोन्ही मिसळलेलं बरं. बूच आणि रबर. जमवूनही घेतं आणि टिकतंही."

"नवरा निवडतेयस की गॅस्केट?" नोला डोळे पुसत म्हणाली.

"नवरा निवडताना मी असा क्रमांक तपासला असता तर आज इथं एकटी नसते, बाई."

दुसऱ्या दिवशी ते आले. रेलीनने आधी चेंबरची वाकलेली कड ऐरणीवर ठेवून हातोडीने हळूहळू सरळ केली. जुने सिलिकॉन नखाने खरवडले. जाळी धुतली. गॅस्केट ठेवले, आणि भोकावर भोक असे बसले की तिने खड्ड्यातूनच शीळ घातली. बोल्ट तिने दोन बोटांत पाना धरून आवळले, थोडा इकडचा, थोडा समोरचा, पुन्हा इकडचा. मला सुरू करून गरम केले, रात्रभर निवू दिले आणि सकाळी पुन्हा प्रत्येक बोल्ट किंचित फिरवला. खाली पांढरा कागद पसरून ठेवला होता. त्याच्यावर एक थेंब नव्हता. "न्या बाई," ती म्हणाली. "आणि जनीनला सांगा, रेलीन नाही म्हणाली नाही."

नोला मला घेऊन थेट सेहेचाळीस किलोमीटर गेली. पोर्ट एल्सीच्या आवारात तिने मला नेहमीच्या जागी उभे केले, मांजराचा ट्रे पायाने बाजूला सारला आणि आत गेली. थोड्या वेळाने ती क्लेमची खुर्ची ढकलत बाहेर आली. बरोबर मरिसेल नावाची परिचारिका होती. तीन वर्षांत मी क्लेमला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले. तो अर्धा झाला होता.

मरिसेल म्हणाली, "दहा दिवस नुसते खिडकीकडे बघत होते. एरवी तुम्ही फाटकातून आत यायच्या आधीच यांची मान वळते. आम्ही म्हणतो, आल्या यांच्या बायको."

"बायको कसली," नोला म्हणाली. "याचे कान आपल्या यूटच्या आवाजाकडे होते."

तिने माझे बॉनेट उघडले. कुशीवरचा लाल रंग उडालेला, आत निळा उघडा पडलेला. क्लेमने तो पाहिला. त्याची मान आधी खाली गेली, आणि मग त्याचे कान लाल झाले. ऐंशीच्या घरातल्या माणसाचे कान, शाळेतल्या पोरासारखे.

नोला त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. ते गुडघे किती दुखले असतील ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसले. "का नाही सांगितलंस, क्लेम?" तिने विचारले. रागावून नाही. जसे फार आधीच विचारायचे राहून गेले होते, तसे. "तेहतीस वर्षं. एकदा तरी सांगायचंस."

क्लेमने तोंड उघडले. काही आले नाही. पुन्हा उघडले. "मंगळवार," तो म्हणाला, आणि स्वतःवरच चिडून त्याने डावी मूठ खुर्चीवर आपटली. मरिसेल पुढे झाली, नोलाने तिला हाताने थांबवले. ती तशीच बसून राहिली. आवारात एक गाडी आली, उभी राहिली, तिच्यातली माणसे उतरून आत गेली, तरी ती बसून होती. क्लेमच्या कपाळावर घाम आला. ओठ हलत होते, शब्द आत कुठेतरी अडकला होता. मला वाटले, माझ्यासारखी याची जाळीही कोणीतरी येऊन धुवावी.

"तू," तो म्हणाला. मग पुष्कळ वेळाने, "नाही." मग त्याहून वेळाने, "म्हणाली असतीस."

नोलाने त्याचा निकामी उजवा हात उचलून स्वतःच्या गालावर धरला. "हो," ती म्हणाली. "नाहीच म्हणाले असते. मीही तुला न विचारता नाही म्हटलं होतं ना एकदा, हेडबाईंच्या जागेला." क्लेमने मान डोलावली. त्याला ते फार पूर्वीपासून माहीत होते, हे नोलाला तेव्हा कळले. मग तिथेच, माझ्या उघड्या बॉनेटशेजारी, उन्हात, तिने डब्यातली पेस्टी काढली, कुस्करली आणि त्याला भरवली. त्याने सगळी खाल्ली.

मित्रांनो, जुन्या इंजिनाला गॅस्केट आणाल तेव्हा गाडीच्या पत्र्यावरून त्याचे वय ठरवू नका. रंग खरवडा, क्रमांक वाचा, कागदाची चौथी ओळसुद्धा वाचा. बोल्ट दोन बोटांनी आवळा. रविवारी बॉनेट उघडत जा. एवढे केलेत तर आम्ही पुष्कळ वर्षे चालतो. आणि तुमच्या घरात कोणी गप्प राहून तुमच्यासाठी काही केले असेल अशी नुसती शंका जरी आली, तरी त्याला आजच जाऊन विचारा. क्लेमला चार शब्दांसाठी किती वेळ लागला ते मी पाहिले आहे.